दूध संघाचा डेटाबेस नवीन डिस्कवर: प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

सर्व्हरची डिस्क ९३ टक्के भरली. संघाचा सगळा कारभार एकाच मशीनवर चालतो, उबंटू २२.०४ (लिनक्स), त्यावर पोस्टग्रेस १४ (डेटाबेसचं सॉफ्टवेअर), आणि खाली २५० जीबीची एकुलती एक एसएसडी. ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यावर, डेटाबेस तिच्यावर आणि कहर म्हणजे रोजचा बॅकअपही तिच्यावरच. गावोगावच्या संस्थांचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) दिवसातून दोनदा इथे येऊन पडतं, गेल्या काही वर्षांपासून प्रत्येक पावतीचा फोटोपण येतो, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. १ टीबीच्या दोन एसएसडी मंजूर झाल्यात, आठवडाभरात येतील म्हणाले.

काम एका वाक्यात सांगायचं तर डेटाबेसच्या फाइल नवीन डिस्कवर हलवायच्या. वेळ मिळणार सकाळचं संकलन आटोपल्यापासून संध्याकाळचं सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण अकरा ते चार. १, ११ आणि २१ तारखेला दहा दिवसांची बिलं निघतात, तेव्हा सर्व्हरजवळ फिरकायचंपण नाही, अकाउंटचे काका जीव घेतील.

पहिला प्रश्न, फाइल आहेत कुठे? हे अंदाजाने ठरवायचं नाही, डेटाबेसलाच विचारायचं. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड द्यायचा प्रोग्राम) ‘शो डेटा_डायरेक्टरी’ टाकलं की तोच सांगतो (साध्या युजरला सांगत नाही, परवानगी नाही म्हणतो, सुपरयुजरने विचारावं लागतं). आमचं उत्तर आलं /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१४/मेन, म्हणजे उबंटू-डेबियनची नेहमीची जागा. रेड हॅटच्या घराण्यात (लिनक्सचीच दुसरी शाखा) हेच /व्हार/लिब/पीजीएसक्यूएल खाली सापडतं, विंडोजवर इन्स्टॉलर प्रोग्राम फाइल्समध्ये पोस्टग्रेसच्या फोल्डरात ‘डेटा’ करून ठेवतो, मायएसक्यूएल असता तर /व्हार/लिब/मायएसक्यूएल. पण आधीच्या कोणी हलवून ठेवलं असेल तर हे सगळं पाठांतर फुकट.

अजून एक, ‘शो कॉन्फिग_फाइल’ पण विचारून घेतलं. डेबियनवाले सेटिंगच्या फाइल डेटासोबत ठेवत नाहीत, त्या /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/१४/मेन मध्ये असतात, कोण कुठून लॉगिन करू शकतो ती एचबीए फाइलपण तिथेच. म्हणजे फक्त डेटाचा फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर नेला तर अर्धं घर मागे राहतं.

४ जून

लोकसभेचा निकाल, सगळं ऑफिस टीव्हीपुढे, कोणाचा फोन नाही की काही नाही. निवांत फोल्डर बघत बसलो.

‘मेन’च्या आत डीयू (फोल्डरची साइझ मोजणारी कमांड) मारलं तर एकूण १४८ जीबी. त्यात बेस नावाच्या फोल्डरात ९६, पीजी_वॉलमध्ये ५१, बाकी सगळं मिळून किरकोळ. ग्लोबलमध्ये सगळ्या डेटाबेसना सामाईक असलेले टेबल असतात, युजर आणि डेटाबेसची यादी वगैरे. पीजी_झॅक्टमध्ये कुठला व्यवहार पूर्ण झाला आणि कुठला रद्द झाला ह्याची नोंद, प्रत्येक व्यवहाराला फक्त दोन बिट, त्यामुळे फोल्डर एवढासा, पण तो गेला तर कुठली ओळ खरी आणि कुठली रद्द हे पोस्टग्रेसला कळायचा मार्गच बंद. पीजी_टीबीएलएसपीसी रिकामा आहे, हे बरं झालं, कारण तिथे काही असतं तर ते नुसते सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारे शॉर्टकट) असतात आणि खरा माल भलत्याच डिस्कवर असतो.

५१ जीबी वॉल मात्र खटकलं. वॉल म्हणजे बदल मूळ फाइलमध्ये जाण्याआधी जिथे लिहिला जातो ती रोजकीर्द, १६ एमबीच्या फाइली, नाव २४ अक्षरांचं. मॅक्स_वॉल_साइझ आमच्याकडे डिफॉल्ट १ जीबी आहे, म्हणजे पन्नास-साठ फाइली दिसायला हव्यात, इथे तीन हजारांच्या वर. कोणीतरी त्यांना धरून बसलंय.

ऑफिसातला नवीन मुलगा म्हणाला, जुन्या तारखेच्या फाइल उडवून टाकू की, लॉग तर आहेत. अजिबात नाही! हा मोह सगळ्या जगाला होतो, इतका की पोस्टग्रेसवाल्यांनी २०१७ च्या १० व्हर्जनमध्ये पीजी_एक्सलॉग आणि पीजी_सीलॉग ही नावंच बदलून पीजी_वॉल आणि पीजी_झॅक्ट केली, कारण नावात लॉग दिसलं की लोक जागा करायला डिलीट मारायचे आणि मग डेटाबेस उठायचाच नाही.

५ जून

सापडलं. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स (डेटाची नक्कल घेणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरांची नोंद) बघितलं तर एक लॉजिकल स्लॉट, अ‍ॅक्टिव्ह: फॉल्स. मागे एका एजन्सीने डॅशबोर्डसाठी वेगळा रिपोर्ट सर्व्हर लावला होता, त्यांचं काम बंद पडलं, मशीन घेऊन गेले, स्लॉट इथेच राहिला. स्लॉट म्हणजे पोस्टग्रेसने दिलेला शब्द असतो, की समोरचा जिथपर्यंत वाचून गेलाय त्याच्या पुढचं वॉल मी फेकणार नाही. समोरचा परत येणार नाही हे त्याला कोण सांगणार, तो बिचारा महिनोन्‌महिने साठवत बसला.

ह्याला मर्यादा घालायची सेटिंग १३ व्हर्जनपासून आहे, मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ, पण डिफॉल्ट उणे एक, म्हणजे मर्यादा नाही. आता १० जीबी घातली.

मॅनेजर साहेबांना विचारून घेतलं की त्या डॅशबोर्डचं आता कोणी काही वापरतंय का, नाही म्हणाले, मग स्लॉट ड्रॉप केला, चेकपॉइंट मारला (साठलेले बदल मूळ फाइलींत उतरवले), आणि पीजी_वॉल ५१ वरून १ जीबीवर. फाइल मी एकही पुसली नाही, त्याची त्यानेच पुसली.

साहेब म्हणाले, मग नवीन डिस्क कशाला? मुद्दा बरोबर आहे पण फोटो वाढतच आहेत, आणि मुख्य म्हणजे वॉलला जागा उरली नाही तर पोस्टग्रेस पॅनिक करून बंदच पडतो, आणि आमच्याकडे वॉल, बॅकअप, उबंटूचे अपडेट सगळे एकाच ताटात जेवतात. संध्याकाळी पाच वाजता रांगेत कॅन घेऊन माणसं उभी असताना हे झालं तर काय, एवढंच विचारलं. डिस्कची मागणी कायम राहिली.

७ जून

बेसमधले ९६ जीबी. आत नंबरांचे फोल्डर, एका डेटाबेसला एक. आमचा १६३८५. पोस्टग्रेसने १६३८४ च्या खालचे नंबर स्वतःसाठी राखून ठेवलेत, आपण पहिली जी वस्तू करू तिला १६३८४ मिळतो, इथे आधी युजर केला आणि मग डेटाबेस म्हणून ८५. टॅलीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथेपण कंपनीच्या नावाचा फोल्डर नसतो, १०००० असले आकडे असतात आणि कुठली कंपनी कुठल्या आकड्यात हे सॉफ्टवेअर उघडल्याशिवाय कळत नाही.

त्या फोल्डरात नुसत्या आकड्यांच्या फाइल. प्रत्येक फाइल जास्तीत जास्त १ जीबी, भरली की त्याच नंबरला पॉइंट १, पॉइंट २ लागत जातं. काही नंबरांमागे _एफएसएम (मोकळी जागा कुठल्या पानात आहे त्याचा नकाशा) आणि _व्हीएम (कुठली पानं व्हॅक्यूमने, म्हणजे मेलेल्या ओळी साफ करणाऱ्या कामाने, पुन्हा बघायची गरज नाही त्याचा).

संकलनाचं टेबल सगळ्यात मोठं असणार अशी माझी पैज होती. पीजी_रिलेशन_फाइलपाथ विचारलं, फाइली मोजल्या, ११ जीबी. मग बाकी कुठे गेलं? साइझने लावून बघितलं तर १६७३१ नावाची एक फाइल पॉइंट ७० पर्यंत पसरलेली. उलटं विचारायला पीजी_फाइलनोड_रिलेशन आहे, नंबर दिला की मालक सांगतो. मालक निघाला पीजी_टोस्ट_१६७२७, म्हणजे १६७२७ ह्या टेबलाचं टोस्ट, आणि १६७२७ म्हणजे पावती.

तर भानगड अशी की पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं, आणि एक ओळ दोन पानांवर पसरू शकत नाही. मग ३० केबीचा फोटो जाणार कुठे? ओळ साधारण २ केबीच्या वर गेली की तो मोठी व्हॅल्यू आधी दाबून बघतो, नाहीच मावली तर तिचे सुमारे दोन हजार बाइटचे तुकडे करून वेगळ्या टोस्ट टेबलात टाकतो आणि मूळ ओळीत फक्त पत्ता ठेवतो. जेपीईजी आधीच दाबलेला असतो, तो अजून काय दबणार, एका फोटोचे पंधरा-सोळा तुकडे. पावतीची मूळ फाइल ३०० एमबी आणि तिच्या मागे ७१ जीबी टोस्ट. \डीटी प्लसमध्ये साइझ दिसते ती टोस्ट धरून दिसते, पण पीजी_रिलेशन_साइझ विचारलं तर फक्त मूळ फाइलचा आकडा येतो, तो बघून टेबल लहान आहे असं वाटू शकतं. टोटल हवं असेल तर पीजी_टोटल_रिलेशन_साइझ.

८ जून, शनिवार

पाऊस. लाइट ये-जा, म्हणून सर्व्हरला हात नाही लावला, घरच्या मशीनवर खोटी नावं भरून छोटा डेटाबेस केला आणि त्याची एक फाइल हेक्समध्ये (बाइटचे कच्चे आकडे दाखवणारं रूप) उघडून बसलो. कामाचं नाही पण एकदा बघायचंच होतं.

एक पान ८१९२ बाइट. सुरुवातीला २४ बाइटचं हेडर, त्यानंतर चार-चार बाइटचे पॉइंटर, एका ओळीला एक, आणि खऱ्या ओळी भरतात पानाच्या तळापासून वर. किराणावाले वहीत पुढून रोकड आणि मागून उधारी लिहीत येतात तसं, दोन्ही बाजू भेटल्या की पान संपलं. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर २३ बाइटचं स्वतःचं हेडर, त्यात कुठल्या व्यवहाराने ही ओळ जन्माला घातली आणि कुठल्याने मारली ते.

‘स्ट्रिंग्स’ कमांड (फाइलीतला वाचता येणारा मजकूर शोधणारी) चालवली तर फक्त मोबाइल नंबर दिसले, नावं गायब. कारण देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) तीन-तीन बाइट घेते, सगळे ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होणारे, आणि स्ट्रिंग्स डिफॉल्टने नुसती इंग्रजी अक्षरं शोधतं. हेक्समध्ये बघितलं की ई० ए४, ई० ए४ अशी माळ दिसते, तिथे नाव आहे हे लगेच डोळ्यात भरतं.

मग एका सभासदाचा मोबाइल नंबर अपडेट केला, चेकपॉइंट मारला, परत बघितलं. नवीन नंबर आला, पण जुनापण तिथेच! अपडेट म्हणजे पोस्टग्रेसमध्ये नवीन ओळ लिहिणं आणि जुनीवर मेल्याची खूण करणं, जुनी जाते तिची साफसफाई झाल्यावर, आणि तेव्हासुद्धा बाइट पुसले जातीलच असं नाही. म्हणजे डिस्क भंगारात देताना टेबलातून डिलीट केलं होतं हे काही उत्तर नाही. जुन्या एसएसडीचं काय करायचं ते ह्यावरून ठरवावं लागेल.

१० जून

हलवायचं कसं ते ठरवायचं होतं. तीन वाटा.

एक, टेबलस्पेस. नवीन डिस्कवर टेबलस्पेस (टेबलं ठेवायची वेगळी जागा) करायचा आणि फक्त पावती तिकडे पाठवायची. दिसायला सोपं, बाकी काही हलत नाही. पण मग एका डेटाबेसचे दोन तुकडे दोन डिस्कवर, आणि लोकांचा समज असा की टेबलस्पेसची डिस्क गेली तर तेवढी टेबलं गेली, बाकी चालू. तसं नाही, अख्खा क्लस्टरच (त्या सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस) उठायला नकार देऊ शकतो. दोन्ही डिस्क जगल्या तरच डेटाबेस जगणार, म्हणजे धोका दुप्पट करून ठेवायचा. नको.

दोन, फोल्डर हलवून जुन्या जागी सिमलिंक. चालतं, खूप जण करतात. पण दोन वर्षांनी कोणी नवीन माणूस आला की शो डेटा_डायरेक्टरी त्याला जुनाच पत्ता सांगणार. खरं काय ते कुठेतरी एकाच जागी लिहिलेलं असावं असं माझं मत.

तीन, सर्व्हर बंद करून अख्खा फोल्डर हलवायचा आणि सेटिंगमध्ये डेटा_डायरेक्टरीचा पत्ता बदलायचा. हेच करतोय.

वॉल वेगळ्या डिस्कवर ठेवलं तर वेग वाढतो असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि जुनी एसएसडी आहेच की, असं सुचवणारेही भेटले. पण नवीन दोन डिस्क एकमेकींची नक्कल असणार, जुनी एकटी. ताजे बदल सगळ्यात आधी वॉलमध्ये जातात, तेच एकट्या म्हाताऱ्या डिस्कवर ठेवायचं म्हणजे नवीन डिस्कवर केलेला खर्च पाण्यात. दिवसाला दोन वेळच्या संकलनाला वेगाची एवढी घाई कोणाला आहे.

उद्या बिलं. हात लावायचा नाही.

१२ जून

डिस्क आल्या, लावल्या. एमडीएडीएमने रेड १ (दोन डिस्क एकमेकींची नक्कल), वर ईएक्सटी ४ (लिनक्सची फाइलसिस्टिम). ईएक्सटी ४ डिफॉल्टने पाच टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमचा मुख्य युजर) राखून ठेवतो, १ टीबीत ते पन्नास जीबी होतात आणि पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नाही त्यामुळे त्याला त्याचा उपयोग शून्य. ट्यून२एफएसने एक टक्का केलं.

/डेटा वर माउंट, म्हणजे ती डिस्क ह्या फोल्डराला जोडली, एफस्टॅबमध्ये (बूटला कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) यूयूआयडीने (डिस्कचा कायमचा ओळख नंबर), एसडीबी-एसडीसी नावांनी नाही, ती रीबूटला बदलू शकतात. आणि डेटाबेस थेट /डेटा मध्ये नाही, /डेटा/पोस्टग्रेसक्यूएल/१४/मेन असा खाली फोल्डर करून. माउंटच्या तोंडाशीच डेटाबेस ठेवू नये, एक तर तिथे लॉस्ट-फाउंड फोल्डर असतो, इनिटडीबी (नवीन डेटाबेस तयार करणारी कमांड) त्याच्यावरूनच अडून बसतो, आणि दुसरं, कधी डिस्क माउंट झालीच नाही तर रिकामा /डेटा दिसतो आणि एखादी अतिउत्साही स्क्रिप्ट तिथे कोरा नवीन डेटाबेस करून मोकळी होते. खाली फोल्डर असला की तो सापडतच नाही आणि पोस्टग्रेस गप बंद राहतो, जे आपल्याला हवंय.

त्यासाठी अजून एक केलं: डिस्क माउंट नसताना रिकाम्या /डेटा वर सीएचअ‍ॅटर प्लस आय. आता माउंटशिवाय तिथे रूटपण चुकून काही लिहू शकत नाही.

१३ जून

दुसऱ्या एका उबंटू २२.०४ मशीनवर रंगीत तालीम. व्हर्जन मुद्दाम तेच घेतलं. २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ ने (लिनक्सची मूलभूत लायब्ररी) अक्षरांचा क्रम बदलला तेव्हा जुन्या मशीनवरून फाइली उचलून नव्या मशीनवर नेलेल्यांचे इंडेक्स (शोधायच्या सूच्या) गुपचूप बिघडले होते. फाइली जशाच्या तशा नेल्या तरी त्यांचा अर्थ लावणारी सिस्टिम बदलली की गोंधळ होतो. प्रत्यक्षात आमचं मशीन तेच राहणार आहे म्हणून तो प्रश्न नाही. तालीम ठीक.

रात्री खऱ्या सर्व्हरवर, डेटाबेस चालू असतानाच, पहिलं आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) सोडलं. ही कॉपी वापरायची नाही, चालू डेटाबेसची अशी कॉपी म्हणजे अर्धी दहाची, अर्धी अकराची. फक्त उद्यापरवाचं काम हलकं व्हावं म्हणून.

१५ जून, शनिवार

झालं. क्रमाने लिहून ठेवतो, पुढच्या वेळी कोणालाही लागेल.

सकाळच्या संकलनाची शेवटची संस्था आली, ऑपरेटर ताईंनी हिशोब जुळला म्हणून सांगितलं, मग पीजी_डम्प (सगळ्या डेटाची निर्यात) घेऊन बाहेरच्या डिस्कवर. सर्व संस्थांना ग्रुपवर मेसेज. सर्व्हिस बंद. पोस्टमास्टर.पीआयडी (डेटाबेस चालू असेपर्यंत असणारी) फाइल नाहीशी झाली का बघितलं, झाली, म्हणजे नीट बंद झाला.

दुसरं आरसिंक, ह्यावेळी डिलीट आणि चेकसम दोन्ही पर्याय लावून, म्हणजे तारीख आणि साइझवर विश्वास न ठेवता प्रत्येक फाइल दोन्हीकडे वाचून ताडायची. एसएसडी असल्याने फार वेळ नाही लागला, चहा होईपर्यंत उरकलं. मालक पोस्टग्रेस, परवानगी ०७००, हे दोन्ही तपासलं, परवानगी सैल असेल तर तो सुरूच होत नाही (०७५० पण चालतं, ११ व्हर्जनपासून).

आता डेटाबेस बंदच आहे तर अजून एक काम साधून घेतलं. आमच्याकडे पानांचे चेकसम (पान बिघडलं नाही ना हे ताडायचा आकडा) चालू नव्हते, १४ मध्ये ते डिफॉल्टने बंद असतात, आणि चालू करायला पीजी_चेकसम्स लागतं जे फक्त बंद डेटाबेसवर चालतं. नवीन कॉपीवर चालवलं, जुनी तशीच ठेवली. ह्याने डिस्क खराब व्हायची थांबत नाही, पण खराब पान वाचलं की तोंडावर एरर येते, चुकीचा फॅट गुपचूप बिलात जात नाही. डिस्कच्या शब्दावर किती विसंबायचं ह्याचा धडा पोस्टग्रेसवाल्यांनाच २०१८ मध्ये मिळाला. तेव्हा असं समोर आलं की लिनक्सवर एफसिंक (डिस्कवर खरंच लिहिलंय ना ह्याची खात्री मागणं) एकदा फेल झालं की कर्नल (सिस्टिमचा गाभा) ते पान लिहिलं गेल्यासारखं समजून सोडून देऊ शकतो आणि दुसऱ्यांदा विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणतो. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या अपडेटपासून पोस्टग्रेस असं झालं की दुसऱ्यांदा विचारतच नाही, पॅनिक करतो आणि वॉलमधून परत उभा राहतो.

मग /ईटीसी मधल्या फाइलीत डेटा_डायरेक्टरीची एक ओळ बदलली. जुन्या फोल्डरचं नाव ‘मेन.जुना’ केलं, म्हणजे चुकूनसुद्धा कोणी त्याच्यावर सुरू करू शकणार नाही. सिस्टिमडीची (बूटला सर्व्हिस सुरू करणारा) युनिट फाइल बघितली तर त्यात रिक्वायर्स_माउंट्स_फॉर मध्ये /ईटीसी आणि /व्हार/लिब च्याच जागा आहेत, आपल्या /डेटा चा त्याला पत्ता नाही, म्हणून एक ड्रॉप-इन (जोडसेटिंगची फाइल) टाकून ते जोडलं, नाहीतर बूटला डिस्क यायच्या आधी पोस्टग्रेस उठायचा प्रयत्न करून पडला असता.

सुरू. पीजी_एलएसक्लस्टर्समध्ये (चालू डेटाबेसची यादी) ऑनलाइन आणि नवीन पत्ता. शो डेटा_डायरेक्टरी, नवीन पत्ता. शो डेटा_चेकसम्स, ऑन. सकाळच्या संकलनाची बेरीज ताईंच्या कागदाशी जुळली. एकदा पूर्ण रीबूट करून बघितलं, आपोआप उठला. नंतर एकदा मुद्दाम एफस्टॅबची ओळ बंद करून रीबूट, पोस्टग्रेस उठला नाही, कोरा डेटाबेसही झाला नाही. ओळ परत चालू. पावणेतीनला ग्रुपवर ‘सुरू आहे’.

१८ जून

जुना पत्ता कुठे कुठे लिहून ठेवलाय ते शोधण्यात दिवस गेला, आणि खरं सांगायचं तर हलवण्यापेक्षा हेच जास्त किचकट. ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) /ईटीसी आणि क्रॉन (ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) चाळले.

सगळ्यात भारी नमुना बॅकअपचा. आमच्या आधीच्या कोणीतरी रात्री दोनला /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएलचा टार (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं) करायची स्क्रिप्ट लावलीये, डेटाबेस चालू असताना, पीजी_स्टार्ट_बॅकअप (बॅकअप घेतोय हे डेटाबेसला कळवणं) वगैरे काही नाही. म्हणजे इतकी वर्षं जो बॅकअप होता तो बॅकअप नव्हताच, सोडवून उभा केला असता तर राहिला असता की नाही देव जाणे. आणि आता जागा बदलल्यावर ती स्क्रिप्ट रोज ‘मेन.जुना’चा सुंदर टार करत होती, एरर नाही की काही नाही. बंद केली. जागी पीजी_बेसबॅकअप (डेटाबेसच्या फाइलींची नीट घेतलेली नक्कल) आठवड्याला आणि पीजी_डम्प रोज, दोन्ही बाहेरच्या मशीनवर. बेसबॅकअप /ईटीसी मधल्या सेटिंग घेत नाही, त्यांची कॉपी वेगळी.

डिस्क भरल्यावर मेल करणारी स्क्रिप्ट फक्त रूट बघत होती, /डेटा जोडलं. सर्व्हरचे लॉग अजून /व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएलमध्येच आहेत, ते तिथेच राहू देत.

२० जून

एका संस्थेच्या सचिवांचा फोन, कॉम्प्युटर बदलला, जुन्यावरून डेटा पेनड्राइव्हवर आणला पण शेवटच्या दोन-तीन दिवसांचं दूध दिसत नाही. गावातलं संकलनाचं सॉफ्टवेअर एसक्यूलाइटवर चालतं, एक फाइल म्हणजे एक डेटाबेस, कॉपी करायला सोपं म्हणून सगळ्यांना आवडतं. पण वॉल मोड चालू असला की शेजारी त्याच नावाची ‘-वॉल’ लागलेली फाइल असते, ताजे बदल आधी तिच्यात असतात. त्यांनी मोठी फाइल घेतली, बारकी कशाला म्हणून सोडली. ‘जुना कॉम्प्युटर अजून आहे ना आण्णा? त्यात काही पुसू नका’ म्हटलं. होता, नशीब. सॉफ्टवेअर जुन्यावर उघडून नीट बंद करायला सांगितलं, बंद होताना ती फाइल मुख्य फाइलीत मिसळून जाते, मग कॉपी. आलं सगळं दूध.

२९ जून

दोन वर्षांपेक्षा जुने पावतीचे फोटो साध्या फाइली म्हणून बाहेर काढून ठेवले होते, आज डेटाबेसमधून डिलीट केले. डीएफने डिस्कची भरलेली जागा बघितली, एक जीबीनेही कमी नाही. साहेबांना वाटलं डिलीट झालंच नाही. व्हॅक्यूम जागा मोकळी करतो ती त्याच टेबलाने पुन्हा वापरायला, फाइल लहान होते ती फक्त शेवटाकडची पानं पूर्ण रिकामी असतील तेवढीच. आमचं रिकामं झालं ते सुरुवातीचं.

फाइल खरोखर लहान करायची तर व्हॅक्यूम फुल, तो टेबल नव्याने लिहितो, तोवर त्या टेबलाला कोणी वाचूसुद्धा शकत नाही आणि नवीन कॉपीएवढी जागा आधी मोकळी लागते. ३ जूनला होती तशा भरलेल्या जुन्या डिस्कवर हे करताच आलं नसतं. दुपारी केलं, ७१ वरून ३४ जीबी.

फाइलचा नंबरपण बदलला. १६७३१ हे रजिस्टरमध्ये लिहिलं होतं ते आता खोडलं, ट्रंकेट, रीइंडेक्स, व्हॅक्यूम फुल ह्यातलं काही केलं की नंबर नवीन मिळतो. जुन्या नंबरची पहिली फाइल शून्य बाइटची होऊन पडलेली दिसली, चेकपॉइंटनंतर तीपण गेली. रजिस्टरमध्ये आता नंबर नाही, विचारायची क्वेरी लिहिलीये.

३ जुलै

बेसबॅकअप दुसऱ्या मशीनवर सोडवून उभा केला, जूनच्या तिन्ही बिलांच्या बेरजा जुळल्या. त्यानंतरच ‘मेन.जुना’ पुसला. ती जुनी एसएसडी पुढे बदलली तर भंगारवाल्याकडे न देता आधी सिक्युअर इरेज करायची, स्टोअरला लेखी कळवलं. स्टोअरवाल्यांनी विचारलं, फॉरमॅट केलं तर नाही का चालणार. नाही म्हटलं.

बाकी: पोस्टग्रेस १४ ला नोव्हेंबर २०२६ पर्यंत अपडेट मिळणार, त्याच्या आधी पुढच्या व्हर्जनचं बघायचं. यूपीएसच्या बॅटरीचं कोटेशन अजून आलेलं नाही.